खिडकीतून रेषा दिसत नाही

सर,

तुम्हाला जाऊन तीस वर्षांवर झाली. त्र्याण्णवच्या मार्चमधलं ते मोठं हिमवादळ ओसरल्यावर तुम्ही फावडं घेऊन दारापुढचा बर्फ काढायला गेलात आणि तिथेच पडलात. साठी उलटलेल्या माणसानं ओल्या बर्फाला फावडं लावू नये, हे दर हिवाळ्यात आम्हाला वर्गात बजावणारे तुम्हीच. बातमी कळली तेव्हा मला रडू येण्याआधी राग आला होता. शिकवलेलं स्वतःच विसरणारा मास्तर, असं मी मनातल्या मनात तुम्हाला कितीदा तरी टोचलं. तो अधिकार आता माझा राहिलेला नाही, एवढं सांगायला हे पत्र. मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

मी पुण्याहून पेनसिल्वेनियातल्या स्टेट कॉलेज ह्या गावी, तुमच्याकडे हवामानशास्त्र शिकायला आले ते चौऱ्याऐंशी साली, फिजिक्सची एम.एस्सी. आणि दोन स्वेटर घेऊन. तुमचे बाकीचे विद्यार्थी तुम्हाला नावानं हाक मारायचे. मला ते कधी जमलं नाही. 'सर' म्हटलं की तुम्ही भुवया वर करायचात, मागे वळून कोणी सरदार उभा आहे का ते बघायचात, आणि मग उत्तर द्यायचात. पहिल्याच ऑक्टोबरात तुम्ही आम्हा सात जणांना व्हॅनमध्ये घालून सस्क्वेहॅना नदीकाठच्या एका गावी घेऊन गेलात. बहात्तर साली अ‍ॅग्नेस चक्रीवादळाच्या पावसानं ती नदी गावात शिरली होती. बारा वर्षं झाली होती, तरी एका हार्डवेअरच्या दुकानदारानं पाणी कुठवर चढलं होतं त्याची लाल रेषा आतल्या भिंतीवर रंगवून ठेवली होती. सगळे उतरले. मी नाही उतरले. थंडी होती, दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, आणि पूर हा काही माझा विषय नव्हता. मला टोर्नेडोवर काम करायचं होतं. मी व्हॅनमध्ये बसून वही वाचत राहिले. परत येताना तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहिलंत.

"रेषा पाहिलीस?"

"हो सर. खिडकीतून दिसली."

"खिडकीतून रेषा दिसत नाही," तुम्ही म्हणालात. "तिच्याखाली जाऊन उभं राहावं लागतं. मग कळतं ती आपल्या डोक्याच्या किती वर आहे." थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत: "आधी जमीन बघायची. घर कुठे उभं आहे ते. आकाश नंतर."

सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला अपमान वाटला. वाक्य मी वहीत लिहून घेतलं नाही. मला ते विसरायचं होतं आणि मी ते विसरलेही. पुढची सदतीस वर्षं.

आठ महिन्यांनी, पंच्याऐंशीच्या मे महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी, ओहायो आणि पेनसिल्वेनियात एकामागून एक टोर्नेडो उतरले. दोन दिवसांनी आपण पश्चिमेकडच्या एका गावात नुकसानीची पाहणी करत होतो. त्या घराची जागा मला आजही डोळ्यांपुढे आहे. घर नाहीच. सिमेंटचा चौथरा, त्यावर एक नळ, नळातून पाणी चाललेलं, आणि कोपऱ्यात खाली उतरणारा जिना. त्या जिन्यावर एक बाई बसली आहे, तिची दोन मुलं शेजारी. तुम्ही विचारण्याआधीच ती सांगते, "आम्ही खाली गेलो." मग पुन्हा, "आम्ही खाली गेलो." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तुम्ही वही बंद केलीत आणि टोपी काढलीत. गाडीत बसल्यावर तुम्ही पहिल्यांदाच तुमच्या भावाबद्दल बोललात. कॅन्ससमधलं शेत, आई बेसमेंटच्या जिन्यावरून ओरडते आहे, आणि मोठा भाऊ दारात उभा राहून म्हणतो आहे, एक मिनिट, मला बघू दे. तुम्ही सात वर्षांचे होतात. बस, एवढंच सांगितलंत. पण परतल्यावर टेबलाच्या खणातून एक पितळी शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवलीत. ढिगाऱ्याखालून माणसाचा आवाज पोचत नाही, शिट्टीचा पोचतो, म्हणालात. वाद घालणाऱ्यांशी वाद घालायचा नाही. त्यांना खाली पाठवायचं.

हे मात्र मी पक्कं लक्षात ठेवलं. एका माणसानं दोन गोष्टी शिकवल्या आणि मी मला आवडली ती उचलली.

पुढे न्यू जर्सीला आले. पार्सिपनीच्या एका वीज कंपनीत हवामानाच्या टेबलाशी निवृत्तीपर्यंत बसले. वादळ कुठून येणार, तारा कुठे तुटणार, माणसं आणि ट्रक आदल्या दिवशी कुठे नेऊन ठेवायचे, हे सांगायचं काम. मी लग्न केलं नाही आणि स्वयंपाकात मला गती नाही, त्यामुळे आमच्या मराठी मंडळात माझा उपयोग एकच होता. पिकनिक असो, कोणाच्या मुलाची मुंज असो, गणपतीची मिरवणूक असो, तारीख ठरली की फोन माझ्याकडे. "मावशी, सॅटर्डेला पाऊस आहे का हो? की हॉल बुक करू?" मी सांगायची, आणि सांगितलेलं पाळलं नाही तर सुनवायची. पुण्याहून, नागपूरहून नवीन कुटुंब आलं की पहिल्या महिन्यात मी त्यांच्या घरी जायची आणि चहाच्या आधी बेसमेंट दाखवायला लावायची. खिडकीपासून लांबचा कोपरा कोणता? टॉर्च कुठे? जुने बूट कुठे? एका संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात बायकांनी स्टीलच्या वाट्या दिल्या, प्लास्टिकचे डबे दिले, आणि मी शिट्ट्या लुटल्या. दोरी ओवलेल्या, चाळीस शिट्ट्या. हशा पिकला.

"नवरा ऐकत नाही, त्याच्यासाठी का गं ही?" कोणीतरी विचारलं.

"तुला नवराच नाही, तुला काय कळणार," काकू त्या बाईला नाही, मला म्हणाल्या, "शिट्टीनं ऐकत असते तर आमच्या पिढीनं ढोल वाजवले असते का?"

काकूंबद्दल सांगायला हवं. पत्र त्यांच्याबद्दलच आहे. डॉक्टर नवऱ्यामागून त्या फार आधी इथे आल्या होत्या. मी पार्सिपनीत नवीन होते, कोणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा दर रविवारी मला त्यांच्या पिस्कॅटवेच्या घरी जेवायला बोलवायच्या. मी वाट्टेल तेवढी कडक वागले तरी त्यांना माझी भीती वाटायची नाही. मला नावानं कधी हाक मारली नाही, 'वेधशाळा' म्हणायच्या. "काय गं वेधशाळा, उद्या ऊन म्हणालीस ना? मग छत्री घेतेच." नवरा गेल्यावर त्या त्याच घरात एकट्या राहिल्या. मुलगा अर्ध्या तासावर. त्याचा जन्म इथला, पण काकूंनी त्याला पाटीवर मुळाक्षरं गिरवायला लावून मराठी वाचायला शिकवलं. तो मला मावशी म्हणतो.

घराच्या मागे झाडी आणि झाडीमागे ओढा. उन्हाळ्यात त्यात गुडघ्याएवढंही पाणी नसायचं. नव्व्याण्णव साली फ्लॉइड चक्रीवादळ आलं ते नेमकं गणपतीच्या दिवसांत. रॅरिटन नदी गावोगाव शिरली. काकूंच्या बेसमेंटमध्ये घोट्याएवढं पाणी आलं. तिथे एका पत्र्याच्या पेटीत त्यांच्या गौरींचे पितळी मुखवटे असायचे, त्यांच्या सासूबाईंनी दिलेले. आम्ही दोघींनी पेटी वर नेली, मग बादल्यांनी पाणी उपसलं. माझे स्वतःचे पाय त्या पाण्यात होते, सर. म्हणजे तिथे पाणी येतं हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पाणी उतरल्यावर भिंतीवर पुसट तपकिरी रेषा राहिली होती. काकूंनी ती ब्लीच लावून घासून काढली आणि गौरी झाल्यावर पेटी पुन्हा खाली नेऊन ठेवली.

आता दोन हजार एकवीसचा सप्टेंबर. पहिली तारीख. आयडा चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग लुइझियानाहून वर सरकत आले आहेत. दहाच दिवसांपूर्वीच्या दुसऱ्या वादळानं जमीन भिजून तट्ट झालेली आहे. मी निवृत्त झाले आहे, तरी रडार उघडून बसले आहे, सवय. संध्याकाळी फोन किंचाळला. टोर्नेडोचा इशारा. तो वाचते तोवर दुसऱ्यांदा किंचाळला. फ्लॅश फ्लडचा, अचानक येणाऱ्या पुराचा. एक इशारा सांगतो खाली जा, दुसरा सांगतो वर जा, आणि दोन्ही एकाच पडद्यावर, एकाखाली एक. पडद्यावर मला वारा गोल फिरताना दिसत होता. तोच मला नेहमी आधी दिसतो. तो ज्या दिशेनं सरकत होता त्या वाटेवर आमच्या मंडळातली पाच घरं होती. मी पहिला फोन काकूंना केला, लँडलाइनवर, कारण मोबाइल त्या पर्समध्ये ठेवून विसरायच्या.

"बोल, वेधशाळा."

"काकू, बेसमेंटमध्ये जा. आत्ता. बूट घाला, टॉर्च घ्या, शिट्टी गळ्यात घाला."

"अगं, गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून मी जिना उतरलेच नाहीये. आणि पाऊस केवढा पडतोय, ऐकू येतंय का तुला?"

"पावसाचं सोडा. एकेक पायरी बसत बसत उतरा."

"इथेच बाथरूममध्ये बसते की. त्याला खिडकी नाही."

"काकू, मी सांगते आहे ना? वाद नको."

त्या हसल्या. "बरं बाई. नाहीतरी मुखवटे खालीच आहेत. दहा-बारा दिवसांवर गौरी आल्या, चिंच लावून ठेवते तोवर."

"ते नंतर. ठेवा फोन."

हे माझे त्यांच्याशी शेवटचे शब्द. ठेवा फोन.

उरलेल्या चार घरांना फोन केले. ती घरं चढावर होती. माणसं खाली गेली, वर आली, त्यांना काहीही झालं नाही. फिरता वारा काकूंच्या घरापर्यंत पोचलाच नाही, अलीकडेच विरला. इशारा मागे घेतला तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला आणि मग रडारवर पहिल्यांदा पाऊस पाहिला. त्याच पट्ट्यावर एकामागून एक ढग येत होते, आगगाडीचे डबे यावेत तसे. तेव्हा मला ओढा आठवला. मी लँडलाइन लावली. ती वाजत राहिली. फोन वर स्वयंपाकघरात होता आणि त्या खाली होत्या. पुन्हा लावली. पुन्हा. मदतीच्या नंबरावर पत्ता दिला. त्या संध्याकाळी असे किती पत्ते त्यांच्याकडे येत होते कोण जाणे. गाडी काढली. रेल्वेच्या पुलाखाली गाड्या टपापर्यंत बुडालेल्या होत्या, पोलिसानं मला हात करून मागे फिरवलं. मी त्याच्याशी वाद घातला. मी, आणि वाद.

बेसमेंटला मागच्या बाजूनं बाहेर उघडणारं एक दार होतं. ओढा अंगणात आला आणि त्या दारानं एकदम आत घुसला. मग जिना चढायला धडधाकट माणसालाही वेळ मिळाला नसता, असं सकाळी अग्निशमन दलाचा माणूस त्यांच्या मुलाला म्हणाला. चांगुलपणानं म्हणाला. पण शेजारचा म्हातारा मला म्हणाला की पावसात कुठेतरी शिट्टीसारखं काहीतरी बराच वेळ ऐकू येत होतं. त्याला वाटलं कुणाच्या घरचा अलार्म आहे. हे त्यानं आणखी कोणाला सांगितलं का, मी विचारलं नाही.

चार दिवसांनी सगळे मुलाच्या घरी जमले. बायका स्वयंपाकघरात, पुरुष बाहेर, कोणीतरी सगळ्यांना चहा देतंय. मुलगा सोफ्यावर बसून एकच प्रश्न विचारत होता, येईल त्याला.

"पण ती खाली का गेली? व्हाय? तिला जिना उतरता येत नव्हता. शी हेटेड दॅट बेसमेंट. मावशी, तुम्ही सांगा. का गेली?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण हवामानाचं मला विचारायची पद्धत. आणि मी म्हणाले, "गौरीचे मुखवटे आणायला गेल्या असतील."

एवढंच. खोटं म्हणावं तर पूर्ण खोटंही नाही. त्या तसं म्हणाल्याच होत्या. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी म्हणालं, देवीसाठी गेल्या, पुण्यवान. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्यांचं झालं होतं. शोकसभेत मुलानं स्वतः मराठीत लिहून आणलेला कागद वाचला, अडखळत, एकेका जोडाक्षरापाशी थांबत. त्यातही ते होतं. आई गौरी आणायला खाली गेली. मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

मला वाटलं होतं की हे वाक्य त्याला आधार देईल. तसं झालं नाही. त्यानं घरातला गणपती बंद केला. त्याची बायको हौशी, नागपूरची. तिनं पुढच्या वर्षी गौरी आणायचं नुसतं म्हटलं तर तो जेवणावरून उठून गेला. त्याच्या लेखी त्याची आई दोन पितळी तोंडांसाठी मेली. ह्या मूर्खपणासाठी, म्हणतो तो. मेलेल्या आईवर तो इतकी वर्षं चिडून आहे, आणि चिडण्यासारखं तिनं काही केलेलंच नव्हतं. तिनं फक्त माझं ऐकलं. एकदाच, कुरकुर करून, हसून.

गेल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. हातात ती पत्र्याची पेटी. चहा नको म्हणाला. पेटी टेबलावर ठेवली, उघडली. एका मुखवट्याच्या नाकपुडीत अजून वाळलेला चिखल आहे. चार वर्षांत कोणी धुतलासुद्धा नाही.

"मावशी, तुम्ही ठेवा हे. टाकून द्यायला हात होत नाही. घरात नकोत."

"माझ्याकडे गौरी नसतात रे."

"आय नो. म्हणूनच." मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. शिट्टी. दोरीसकट. "ही पण तुमचीच. आई सापडली तेव्हा तिच्या गळ्यात होती. मी तुम्हाला कधी म्हटलंच नाही. थँक यू. निदान तिनं ट्राय तरी केलं."

थँक यू म्हणाला, सर. मी त्याच्याकडे पाहिलं. तोंडात वाक्य तयार होतं. तुझ्या आईला मी खाली पाठवलं, तिला जायचं नव्हतं. एका श्वासाचं वाक्य आहे. माझ्या टेबलाशी बसून मी लाखो घरांची वीज कधी जाणार ते न चाचरता सांगत असे. त्याला मी म्हणाले, "सावकाश चालव. संध्याकाळी धुकं आहे."

तो गेल्यावर मी बेसमेंटमध्ये जाऊन उभी राहिले. माझं घर चढावर आहे, इथे कधी पाणी येणार नाही. तरी भिंतीपाशी उभी राहून डोक्याच्या वर हात नेला, काकूंकडे पाणी चढलं होतं तितक्या उंचीवर टेकवायला. हात पुरला नाही. तुम्ही म्हणाला होतात ते बरोबर होतं. व्हॅनमधून उतरायला मला फार वेळ लागला.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. तुम्ही मला माफ केलं नसतं. तुम्ही माफीचं बोललाच नसतात. वही पुढे सरकवून म्हणाला असतात, जे झालं ते आधी लिही. तेच केलं आहे. मुखवटे धुवायला काढले आहेत. चिंच आणि मीठ. नाकपुडीतला चिखल काडीनं काढावा लागला. पुढच्या महिन्यात गौरी आहेत, आणि ज्या घरात त्या जायला हव्यात ते माझं नाही.

पत्र पाकिटात घातलं आहे आणि वर तुमचं नाव लिहिलं आहे. ते खणात राहील. तुमच्यासाठी लिहायचं होतं तर इंग्रजीत लिहिता आलं असतं. तुमच्याशी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी बोललेच नाही. मराठी वाचणारा दुसराच आहे, इथून वीस मिनिटांवर राहतो, आणि जोडाक्षरांपाशी अडखळतो. म्हणून मी सगळी वाक्यं लहान लिहिली आहेत.